बाजूला बघण्याचा सराव

शुक्रवार, ९ जानेवारी

ही वही लिहायला मला एका क्रेनने भाग पाडलं.

काल संध्याकाळी गावातल्या शाळेचं स्नेहसंमेलन होतं. निवृत्त पर्यवेक्षिका म्हणून मला पाहुणी बोलावलं होतं. बक्षिसं वाटून झाली, नाच सुरू व्हायला वेळ होता आणि माईक माझ्या हातात होता. अंधार पडला होता. गोदामांच्या रांगेवर एक ठळक लाल ठिपका दिसला. मी म्हटलं, "मुलांनो, तो पाहा मंगळ. लाल रंगावरून ओळखायचा. तारे लुकलुकतात, ग्रह लुकलुकत नाहीत." मुलं माना वर करून बघू लागली. मी मंगळाच्या मातीतल्या लोखंडाविषयी बोलत असतानाच मंगळ डावीकडे सरकला. सरकत सरकत शाळेच्या छपरामागे गेला. पहिल्या रांगेतली एक मुलगी उठून उभी राहिली.

"बाई, ती क्रेन हाय. माझा पप्पा चालवतो."

सगळं मैदान हसलं. मुख्याध्यापिकाही हसल्या आणि मग हसणाऱ्यांना गप्प करू लागल्या.

आज माझ्या नातीच्या, पूर्वीच्या, मोबाईलवर शोधलं. मंगळ सध्या सूर्याच्या पलीकडे आहे. रात्रभर कुठेच दिसत नाही. म्हणजे क्रेन नसती तरी मी चूकच होते. बी.एस्सी. केलं त्या वर्षी दापोड्यातून पदवी घेणारी मी एकटी मुलगी होते. पुढे तीस वर्षं मुलांना गणित शिकवलं, आणि आकाशातला एक दिवा ओळखता येत नाही.

दुपारी मुख्याध्यापिकांचा फोन. "मॅडम, मनावर घेऊ नका. अठ्ठावीस फेब्रुवारीला विज्ञान दिन आहे. त्या दिवशी खरे तारे दाखवा." 'खरे' या शब्दावर जोर होता. मी हो म्हणून टाकलं.

तेव्हा ठरलं. तारे शिकायचे. काय दिसलं, काय दिसलं नाही, ते खरं खरं लिहायचं. ही वही खाजगी आहे. सुनेने उघडली असेल तर उन्नती, इथेच मिट.

काल घरी सगळ्यांनी आपापलं हसून घेतलं, मुलाने, मितेशने, तर जेवताना दोनदा. एकटे हे हसले नाहीत. (हे म्हणजे काळूराम भोईर. नाव वहीत लिहिते, तोंडाने घेत नाही.) मी विचारलं, "तुम्ही माझ्या शेजारीच उभे होता. क्रेन आहे हे सांगता आलं नाही?"

म्हणाले, "मना त्यो दिवाच दिसला न्हाय."

माझी समजूत काढायला म्हणाले असतील. त्यांचा तो स्वभाव आहे.

रविवार, ११ जानेवारी

गच्चीवर गेले. चारी बाजूंना गोदामांचे फोकस. आकाश भगव्या रंगाचं, धुरकट. आकाशाच्या नकाशात तारे शेकड्यांनी, वर मोजून बोटांवर यावेत इतके. मृगातले सरळ रेषेतले तीन तारे सापडले. ती रेषा खाली वाढवली की व्याध, तोही सापडला. पूर्वेला फार तेजस्वी एक होतं, तो गुरू. या वेळी दोन नकाशांत पडताळून मगच लिहिलं.

यांना वर बोलावलं. अर्ध्या जिन्यातून परत गेले. "वर काय ठेवलाय, गो?" जाताना पाण्याच्या पाइपाला ढोपर लागलं. तो पाइप दहा वर्षं तिथेच आहे.

मला इथे काही शिकता यायचं नाही. अंधार पाहिजे. दापोड्यात सगळं मिळतं, अंधार मिळत नाही.

शनिवार, १७ जानेवारी

पडघ्याच्या पुढे, हायवे सोडून आत, भागीचा पाडा आहे. भागी एके काळी आमच्या भातलावणीला यायची. आता आमचं शेत गोदामाखाली गेलं आणि ती भाजी घेऊन पडघ्याच्या बाजारात बसते. तिच्या अंगणात बसायचं ठरवलं. गाडी हेच चालवणार. आधी टेम्पो होता, मग जीप, आता ही मोठी पांढरी गाडी. चाळीस वर्षांत यांनी दुसऱ्याच्या हातात चाक दिलेलं मी पाहिलेलं नाही.

निघताना कुरकुर. "दिवसा जाऊ की."

"तारे बघायला दिवसा जाऊ?"

मितेश आणि उन्नती पोट धरून हसले. हे हसले नाहीत. मला वाटलं राग आला.

गाडी इतकी हळू चालवली की मागचे ट्रक हॉर्न मारून मारून दमले. मी म्हटलं, "बैलगाडी आणायला हवी होती." हे दोन्ही हातांनी चाक घट्ट धरून समोर बघत होते.

पाड्यावर पोचलो. वर पाहिलं आणि मी घाबरलेच. इतके तारे! गच्चीवर ओळखलेला मृगसुद्धा गर्दीत हरवला. नकाशा उलटा धरलाय का सुलटा, तेच कळेना. शेवटी तीन ताऱ्यांची रेषा मिळाली. तिच्यावरून रोहिणी, रोहिणीवरून डोक्यावरची कृत्तिका. मितेशने आणलेल्या दुर्बिणीतून कृत्तिका पाहिली. मूठभर हिरकण्या सांडल्यासारखी. असं वाक्य मी एरवी लिहीत नाही, पण तसंच दिसत होतं.

हे ओट्यावर बसून राहिले. उठून पाण्याला गेले तर भागी माझ्या कानाशी आली. "बाय, शेठ पायानं वाट चाचपतो गं. कवापासून?"

"तुझ्या अंगणात खड्डे आहेत म्हणून."

"माझ्या अंगनात?" भागीने हात कमरेवर ठेवले. "परवाच सारवलाय. कुठं हाय खड्डा, दाखव."

खड्डा नव्हता. मी विषय बदलला.

मंगळवार, २० जानेवारी

गाडीच्या डाव्या बाजूला पुन्हा ओरखडा. दिवाळीपासूनचा हा चौथा. आरसाही तडकलाय. दिवसा गाडी गोदामाच्या आवारात असते. तिथल्या वॉचमनला बोलावून झापलं. "भिंतीला लागते कशी? हात देऊन मागे घ्यायला सांगत नाहीस?"

तो म्हणाला, "मॅडम, हमने नहीं लगाया. शेठ ने खुद..."

पुढे बोलू दिलं नाही. चूक दुसऱ्यावर ढकलणारी माणसं मी वर्गात पुष्कळ पाहिली आहेत.

शनिवार, २४ जानेवारी

चंद्र होता, पाड्यावर जाण्यात अर्थ नव्हता. गच्चीतून दुर्बिणीने चंद्र पाहिला. आज हे आपण होऊन वर आले. पूर्वी हात धरून घेऊन आली. दुर्बीण डोळ्यांना लावली ती सोडेचनात.

"आयला. खड्डे केवढे! आपल्या रोडपेक्षा जास्त."

"आबा, मला द्या ना."

"थांब गो जरा. मना नीट दिसतोय."

इतके खूश मी त्यांना बऱ्याच दिवसांत पाहिलं नाही. म्हणजे गोडी लागते आहे. पुढच्या शनिवारी जबरदस्तीने कृत्तिका दाखवायची.

गुरुवार, २९ जानेवारी

घरात कटकट. उन्नतीने दोन वर्षांपूर्वी गाडीचं लायसन काढलंय. तिचं म्हणणं, पूर्वीला शनिवारी नाचाच्या क्लासला ती सोडेल. यांनी ताट बाजूला सारलं. "माझी नात मीच नेनार. माझ्या गाडीला कोनी हात लावायचा न्हाय."

मितेश म्हणाला, "बाबा, शिकू दे ना तिला." आणि लगेच फोन वाजला म्हणून उठून गेला. याचं सगळं असंच.

उन्नतीने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "दारात एक ड्रायव्हर असताना दुसरा कशाला?" प्रश्न तिथेच मिटला.

मुद्दाम लिहिते: ब्रह्महृदय आणि शर्मिष्ठा आज गच्चीवरून ओळखले. शर्मिष्ठा उत्तरेकडे, वाकड्या 'एम'सारखी.

शनिवार, ७ फेब्रुवारी

गेला शनिवार पौर्णिमेच्या उजेडात गेला. आज अंधार होता आणि हे तयार नाहीत. आधी म्हणाले ब्रेक लागत नाही. ब्रेक लागतो असं मितेशने सांगितलं. मग पोट बिघडलं. मग गावात कुणाची तरी हळद आहे, जायला पाहिजे. हळदीच्या मांडवात हे पोट घेऊन गेले आणि जेवून आले.

माझे दिवस चाललेत. अठ्ठावीस तारीख तोंडावर आहे. मी पुन्हा मैदानात उभी राहीन आणि पुन्हा एखाद्या मोबाईल टॉवरला शुक्र म्हणेन. रात्री झोप लागत नाही. डोळे मिटले की नकाशा फिरतो. मदत करायची नसेल तर सरळ सांगावं. हे असं पोटाचं नाव घेऊन नाही म्हणणं मला सहन होत नाही.

शनिवार, १४ फेब्रुवारी

आज कुणाचं ऐकलं नाही. सगळ्यांना गाडीत घातलं, पूर्वीलासुद्धा. मितेश नाशिकला आहे. जाताना उजेड होता म्हणून वेळेत पोचलो.

या आठवड्यात पुस्तकातून नवीन गोष्ट शिकले, ती इथे लिहून ठेवते. अंधुक वस्तूकडे थेट बघायचं नाही. तिच्या थोडं बाजूला बघायचं. डोळ्याचा मधला भाग बारीक अक्षरासाठी चांगला, पण मंद उजेड कडेला जास्त पकडला जातो. म्हणून बाजूला बघितलं की अंधुक वस्तू उजळते. याला सराव लागतो.

अंगणात सगळ्यांना ओळीने उभं केलं. वायव्येला देवयानी दाखवली. तिच्यातली दीर्घिका म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखी दुसरी आकाशगंगा, नुसत्या डोळ्यांना दिसणारी सगळ्यांत लांबची वस्तू. थेट बघितलं तर काही नाही. "आता जरा डावीकडच्या ताऱ्याकडे बघा, पण लक्ष तिच्यावर ठेवा."

पूर्वी किंचाळली. "आजी! बघत नाही तेव्हा दिसतं!"

उन्नतीला दिसलं. भागीला दिसलं. ती म्हणाली, "आमची सासू पन अशीच बगायची, तिकडं तोंड करून हिकडं लक्ष." भागीची हसताना सगळी पाठ हलते.

मग मलाही दिसलं. पुसट डाग, बोटाने पुसल्यासारखा. तो उजेड माणसं नव्हती तेव्हा निघालेला आहे. मी उगीच पदर नीट केला.

यांचं राहिलं होतं. मी परीक्षा घेतल्याशिवाय सोडणारी नाही. "दिसलं?"

"हां हां. दिसला."

"कुठे? हात करून दाखवा."

हात भलतीकडे. म्हटलं, सोप्यापासून सुरू करू. व्याधाकडे बघा. एवढा मोठा तारा. आता त्याच्या थोडं बाजूला बघा. काय होतं?

"जातो."

"जातो म्हणजे?"

"बाजूला बगितला का जातो. सगलाच जातो. समोर बगितला का येतो."

"असं होत नाही. तुम्ही नीट करत नाही."

"बरा," म्हणाले आणि ओट्याकडे गेले.

निरीक्षण: सूचना पाळत नाहीत.

उन्नती तिथेच उभी राहून यांच्या पाठीकडे बघत होती. परतताना गाडीशी म्हणाली, "बाबा, मी चालवू का आज? तुम्ही दमला असाल."

"गप बस मागं."

मीही तेच म्हटलं. हायवेवर दोनदा जोरात ब्रेक लागला. पूर्वी झोपेत सीटवर आपटली. समोरून येणाऱ्या दिव्यांना यांनी शिव्या घातल्या.

सोमवार, १६ फेब्रुवारी

उन्नती भाजी निवडायला माझ्याजवळ येऊन बसली. ती अशी बसली की काहीतरी असतं.

"आई, बाबांचे डोळे दाखवायचे का एकदा?"

"काय झालंय डोळ्यांना? पेपर वाचतात. सोन्याच्या दुकानातलं बारीक बिल वाचतात. समोरच्या गोदामाच्या पाटीवरचा फोन नंबर वाचतात."

"समोरचं वाचतात."

"मग?"

"काही नाही," म्हणाली. मग म्हणाली, "ते थेंब कसले घालतात?"

"धुळीचे. या गावात कोण घालत नाही?"

देठ तोडता तोडता तिने एक चांगला देठ टाकला. मी उचलून परत ठेवला.

शनिवार, २१ फेब्रुवारी

आजच लिहिते, उद्या लिहिलं तर मी त्यातलं काही सोडून देईन.

आज आम्ही दोघंच पाड्यावर गेलो. पूर्वेला पुष्य नक्षत्रातला तारकागुच्छ पहिल्यांदा सापडला. दक्षिणेला अगस्त्य. एका संध्याकाळी दोन. मला चांगलं वाटत होतं. परतताना मांडीवर नकाशा, हातात बॅटरी, आणि मी विज्ञान दिनाचं भाषण यांना म्हणून दाखवत होते. रस्त्याकडे माझं लक्ष नव्हतं.

पडघ्याच्या अलीकडे, आमचा रस्ता हायवेला मिळतो तिथे, डावीकडून एक मोटरसायकल आली. चालवणारा माणूस, मागे बाई, बाईच्या मांडीवर मूल. मी सहज मान वर केली म्हणून मला दिसली. गाडी थांबत नव्हती. हे सरळ पुढे बघत, शांतपणे, रिकाम्या रस्त्यावर जावं तसे जात होते.

मी ओरडले. काय ओरडले आठवत नाही. यांनी ब्रेकवर उभं राहून गाडी थांबवली. मोटरसायकल वाळूत आडवी झाली. मूल रडायला लागलं. तेवढ्यावर निभावलं. मूल रडतंय म्हणजे ठीक आहे, हे मी मनात कितीदा म्हटलं असेन. बाई उठून यांच्या खिडकीशी आली.

"अंधा है क्या?"

यांनी काच खाली केली. "मना ती दिसलीच न्हाय," हे तिला नाही, मला म्हणाले. तिची मी माफी मागितली. त्यांची गाडी उभी करून दिली. मुलाचं डोकं, हातपाय चाचपून पाहिले. बाई आणखी बरंच बोलली. तिने बोलायलाच हवं होतं.

ते गेल्यावर गाडीत बसले. यांचे दोन्ही हात चाकावर.

मी म्हटलं, "तिथे माझा हात आहे. समोरच बघत राहा आणि सांगा दिसतो का." यांच्या डाव्या कानाच्या रेषेत हात धरला आणि हळूहळू पुढे आणला. कानापासून गालापर्यंत. गालापासून पुढे. पार नाकासमोर येईपर्यंत "न्हाय, न्हाय" म्हणत होते.

"किती दिवस?"

"दिवालीच्या आदी डॉक्टर बोलला. काचबिंदू. मधला ऱ्हातो, कडंचा जातो."

"थेंब त्याचे?"

मान हलवली.

"मला का नाही सांगितलंत?"

"तू बोलली असती, गाडी ठेव."

"बोलले असते."

"म्हनून."

मग म्हणाले, "आनि तुला तारं बगायचं व्हतं. मितेशला टाइम न्हाय. तुला कोनी नेला असता?"

मी यांना खूप काही बोलणार होते. तुम्ही चार महिने पूर्वीला या गाडीतून क्लासला नेत होता, एवढंच बोलले. ते ऐकून यांनी चाकावरून हात काढून मांडीवर ठेवले.

उन्नतीला फोन केला. ती रिक्षाने आली, रिक्षावाल्याला सोडलं, यांच्या बाजूचं दार उघडून उभी राहिली. म्हणाली फक्त, "बाबा, सरकता का?" हे सरकले. तिने सीट पुढे घेतली, आरसे लावले आणि आम्हाला घरी आणलं. एकदाही ब्रेक जोरात लागला नाही. मी बघत होते.

मागच्या शनिवारचं माझं निरीक्षण खोडलेलं नाही. आहे तसं राहू दे. यांनी मला स्वच्छ सांगितलं होतं.

सोमवार, २३ फेब्रुवारी

ठाण्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. मशीनपुढे बसवून दिवे दाखवले, दिसला की बटण दाबायचं. मी बाहेरून बघत होते. कितीतरी दिवे लागून गेले आणि यांचा अंगठा हलला नाही. गेलेलं परत येणार नाही. राहिलेलं थेंबांनी सांभाळायचं, लागलं तर ऑपरेशन. डाव्या डोळ्याची कड जास्त गेली आहे.

"गाडी?" मी विचारलं.

"बंद."

"दिवसा चालेल ना, डॉक्टर?" हे.

"दिवसाही नाही, काका."

जिना उतरताना म्हणाले, "त्यो पोरगा हाय. मोठ्या डॉक्टरला इचारू."

किल्ली अजून यांच्या खिशात आहे.

गुरुवार, २६ फेब्रुवारी

सकाळी गाडी सुरू झाल्याचा आवाज. धावत खाली. "पेट्रोल भरून आनतो, इथंच."

मी फाटकात स्टूल टाकून बसले. गाडी माझ्यापासून दोन हातांवर घुरघुरत उभी.

"उठ गो."

"नाही."

"लोक बगतात."

"बघू देत. त्यांना बाजूचंही दिसतं."

हे जरा जास्त झालं. बोलल्यावर कळलं. यांनी इंजिन बंद केलं, पण उतरले नाहीत. दुपारपर्यंत आत बसून राहिले, फडक्याने डॅशबोर्ड पुसत. मीही स्टुलावरून उठले नाही. उन्नतीने दोघांना चहा आणून दिला, एक गाडीत, एक फाटकात. शेजारची काशी विचारून गेली, "काय गो, पूजा हाय का?"

मितेशला फोन केला. म्हणाला, "आई, गाडी विकून टाकूया." याला काहीही विकायचं तेवढं पटकन सुचतं. विकली तर हे त्या दिवशीच म्हातारे होतील. आणि किल्ली राहिली तर एक दिवस कुणाचं तरी मूल रडणार नाही.

मी किल्ली चोरू शकते. उशीखालीच असते. पण चोरली तर यांनी दिली असं होणार नाही.

शनिवार, २८ फेब्रुवारी

दुपारी पूर्वीचा क्लास. उन्नती आंघोळीला, मी भाषण पाठ करत होते. खिडकीतून दिसलं, हे गाडीशी उभे आणि पूर्वी घुंगरांची पिशवी घेऊन. खिडकीतूनच ओरडणार, तेवढ्यात पूर्वीचा आवाज आला.

"आबा, मी पुढे बसते. आईने मला सगळं सांगितलंय. डावीकडून कोणी आलं की मी ओरडेन. उजवीकडचं तुम्ही बघा."

"तू ओरडशील?"

"जोरात ओरडेन. आणि मी झोपणार नाही. प्रॉमिस."

तिने पुढचं दार उघडलं, चढून बसली, पट्टा लावला आणि डावीकडे मान करून बघायलाही लागली. हे बाहेरच. गाडीच्या छपरावर हात ठेवून उभे. मग वळसा घालून तिच्या दाराशी आले, पट्टा काढला, तिला उचलून खाली ठेवलं. आठ वर्षांची पोर, आता उचलवत नाही, तरी उचललं.

"आज रिक्षानं जा, बाय."

तिला आणि उन्नतीला रिक्षात बसवून दिलं. जिना चढून माझ्यापुढे आले. "उद्या नारल आन. आनि चार लिंबं."

"कशाला?"

"गाडी काय अशीच देतात?"

संध्याकाळी शाळेत गेले. पौर्णिमा जवळ, चंद्र एवढा की अर्धे तारे पुसलेले. मुख्याध्यापिकांनी तारीख निवडताना चंद्र बघितला नव्हता. गुरू दाखवला, व्याध, मृग, रोहिणी दाखवले. उत्तरेला एक दिवा होता. एकाने विचारलं, तो कोणता तारा? मी म्हटलं, "मला माहीत नाही. थांबून बघू." सगळे थांबलो. तो लुकलुकत विमान होऊन निघून गेला. मुलांनी टाळ्या वाजवल्या, का कोण जाणे.

रविवार, १ मार्च

सकाळी फाटकापाशी गाडी धुऊन उभी केली. मितेशही आला. यांनी बॉनेटवर हळदीकुंकू वाहिलं, हार घातला, नवी गाडी आणल्यावर करतात तसं सगळं. चारी चाकांपुढे एकेक लिंबू ठेवलं. डाव्या मागच्या चाकापुढचं लिंबू पूर्वीने त्यांच्या हातावर दिलं, कारण तिकडचं ते शोधत होते. नारळ यांनीच फोडला. उन्नतीने डोक्यावरून पदर घेऊन नमस्कार केला, तेव्हा म्हणाले, "पाया नंतर पड. आदी लिंबावरून ने. दाबून न्हाय, हलूहलू."

तिने नेली. चारही लिंबं फुटली.

मग सोपवलं ते असं. खिशातली किल्ली, तिच्या कड्यासह. दुसरी किल्ली, जी हरवली असं दोन वर्षं सांगत होते, ती कपाटातल्या धोतरात होती. गाडीचे कागद, प्लास्टिकच्या पिशवीत. टायरची हवा मोजायचं यंत्र. पुसायचं फडकं, धुऊन. तोंडी: दुसरा गिअर थंडीत अडतो, जोर करू नकोस. कंटेनरच्या मागे चिकटून जायचं नाही. पडघ्याच्या वळणावर डावीकडे बघायचं, दोनदा. स्वतःचं लायसन त्यांनी दिलं नाही, पाकिटात ठेवलं. मी मागितलं नाही.

मितेशने विचारलं, "मला काही नाही का, बाबा?" हे म्हणाले, "तू हप्ता भर."

उन्नतीने दोन्ही हातांत घेतलं. माझ्यापुढे मोजून घेतलं.

त्यानंतर पडघ्यापर्यंत चाचणी फेरी काढली, भर उन्हात. दार उघडताना यांनी सवयीने उजवीकडचं धरलं, मग सोडलं. वळसा घालून डावीकडे आले. तिथे मी बसत आले आहे, लग्नानंतर टेम्पो होता तेव्हापासून.

माझ्याकडून सोपवलं: पुढची सीट. मी मागे पूर्वीशेजारी बसले.